ग्रंथपाल कारोल एस्ट्राइखर

ग्रंथालयांत बसून पुस्तकांची नोंद करणाऱ्याच्या चरित्रांत वाचण्याजोगें काय असणार, असें पुष्कळांस वाटतें. आम्हांस हें मत मान्य नाहीं. कारोल एस्ट्राइखर (१८२७-१९०८) ह्या पोलिश पंडितांचेंच उदाहरण घ्यावें. त्यांच्या काळीं पोलंड देश रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया ह्यांनीं वांटून घेतला होता. नकाशावर त्याचें नांवहि उरलें नव्हतें. अशा वेळीं, १८६८ पासून १९०५ पर्यंत क्रॅकोच्या यागेलोनियन विद्यापीठाचें ग्रंथालय सांभाळीत असतां, त्यांनीं पोलिश ग्रंथांची विशाल सूची रचिली. तिन्ही राज्यांत विखुरलेलें वाङ्मय तींत एकत्र आलें.

पुढें पुत्र स्तानिस्लाव्ह ह्यांनीं तें काम चालविलें. १९३९ च्या नोव्हेंबरांत नाझींनीं त्यांस इतर अध्यापकांसह पकडून नेलें, व डिसेंबरांत साक्सेनहाउझेनच्या छावणींत त्यांचा अंत झाला. तरी सूची थांबली नाहीं. नातवानें ती हातीं घेतली.

राज्य हिरावून घेतां येतें, माणसासहि मारतां येतें. परंतु राष्ट्राच्या विद्येची नोंद ज्यानें नीट करून ठेविली, त्यानें तिचें रक्षणच केलें, असें आम्हीं समजतों. विद्यार्थिबंधूंनो, ग्रंथालयाची सूची चाळतांना ह्या मूक सेवेचें स्मरण असूं द्या.