दुसरे मत : अविश्वास नव्हे, खातरजमा

घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीला कर्करोग झाल्याचे निदान होते, तेव्हा पहिला धक्का ओसरण्याच्या आतच मुलांपुढे एक प्रश्न उभा राहतो. समोरच्या डॉक्टरांनी सुचवलेले उपचार लगेच सुरू करायचे, की आणखी एखाद्या तज्ज्ञाला विचारायचे? विचारावे तर डॉक्टर दुखावतील अशी भीती, न विचारावे तर पुढे आयुष्यभर चुटपुट लागून राहण्याची धास्ती. त्यातच नातेवाईक, शेजारी आणि कार्यालयातील सहकारी यांपैकी प्रत्येकाकडे एखाद्या 'हमखास' डॉक्टरचे नाव तयार असते. या गोंधळात दुसरे मत घेणे म्हणजे घाबरलेल्या कुटुंबाची धावाधाव, असे स्वरूप त्याला येते. वस्तुतः ती कर्करोगाच्या उपचारांतील एक नेहमीची पायरी असायला हवी. ती तशी नाही, याला कुटुंबांपेक्षा आपली आरोग्यव्यवस्था अधिक जबाबदार आहे.

प्रश्नाचा आवाका मोठा आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळले, तर नऊ लाखांहून अधिक जणांचा या रोगाने मृत्यू झाला. आयुर्मान वाढत आहे तसे वृद्ध रुग्णांचे प्रमाणही वाढणार, हे उघड आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये 'आयुष्मान भारत' योजनेचे पाच लाख रुपयांचे संरक्षण ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न घालता लागू केले. हा निर्णय स्वागतार्हच आहे. मात्र ही योजना मुख्यतः रुग्णालयातील उपचारांसाठी आहे. बाह्यरुग्ण विभागात जाऊन घेतलेला निव्वळ सल्ला तिच्या कक्षेत येत नाही. थोडक्यात, उपचारांच्या खर्चाची तरतूद झाली, पण ते उपचार योग्य आहेत ना, याची खातरजमा करण्याचा भार कुटुंबावरच राहिला.

दुसरे मत म्हणजे नेमके काय, याविषयीही बराच गैरसमज आहे. अहवालांची फाईल घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे जाणे आणि त्यांनी ती चाळून होकार वा नकार देणे, एवढाच त्याचा अर्थ बहुतेकांना ठाऊक असतो. परंतु कर्करोगाचे निदान अखेर उभे असते ते शरीरातून काढलेल्या लहानशा तुकड्यावर. तो तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जतन केला जातो. त्याचे अतिशय पातळ काप काढून काचपट्ट्या तयार होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या पाहून पॅथॉलॉजिस्ट आपले मत लिहितात. म्हणजे अहवाल हे मुळातच एका तज्ज्ञाचे मत असते. तेच मत वाचून दुसरा तज्ज्ञ सल्ला देत असेल, तर पाया तपासलाच गेला नाही. म्हणूनच मोठ्या कर्करोग रुग्णालयांत बाहेरून आलेल्या रुग्णाच्या काचपट्ट्या आणि ठोकळे मागवून त्यांची फेरतपासणी केली जाते. स्कॅनच्या बाबतीतही छापील अहवालाइतक्याच मूळ प्रतिमा महत्त्वाच्या असतात.

ही फेरतपासणी म्हणजे केवळ औपचारिकता नव्हे. लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचे अनेक उपप्रकार आहेत आणि त्यांचे उपचार वेगवेगळे आहेत. स्तनाच्या कर्करोगात हर-२ नावाच्या प्रथिनाची चाचणी होकारार्थी आली की नकारार्थी, यावर एका महत्त्वाच्या औषधाचा उपयोग होणार की नाही हे ठरते. क्षयरोग सर्वदूर असलेल्या आपल्या देशात फुप्फुसातील गाठ कर्करोगाची की क्षयाची, हा संभ्रम डॉक्टरांना नवा नाही.

निदान अचूक असले, तरी उपचारांचे मार्ग एकाहून अधिक असू शकतात. स्वरयंत्राच्या कर्करोगात काही रुग्णांना शस्त्रक्रियेऐवजी किरणोपचार आणि केमोथेरपी देऊन आवाज वाचवता येतो. पुरःस्थ ग्रंथीचा मंदगतीचा कर्करोग असलेल्या वयोवृद्ध रुग्णावर तातडीने उपचार करण्याऐवजी नियमित देखरेख पुरेशी ठरू शकते. सर्जनचा कल शस्त्रक्रियेकडे, तर किरणोपचार तज्ज्ञाचा किरणोपचारांकडे असणे स्वाभाविक आहे. म्हणून विविध शाखांच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून निर्णय घेण्याची 'ट्यूमर बोर्ड'ची पद्धत जगभर रूढ झाली. अशी बैठक जिथे होते, तिथे एका अर्थाने दुसरे आणि तिसरे मतही आपोआपच मिळते. जिथे ती होत नाही, तिथे एकाच डॉक्टरच्या शब्दावर सारे अवलंबून राहते.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अन्य डॉक्टरांनी पाठवलेल्या २८६ रुग्णांची पाहणी केली होती. त्यांपैकी १२ टक्के रुग्णांचे मूळ निदान जसेच्या तसे कायम राहिले. सुमारे २१ टक्के रुग्णांचे निदान पूर्णतः बदलले, तर उर्वरितांचे अधिक नेमके झाले. अर्थात हे रुग्ण केवळ कर्करोगाचे नव्हते आणि मुळात गुंतागुंत होती म्हणूनच ते तेथे पाठवले गेले होते. त्यामुळे हे आकडे सरसकट लागू करणे चूक ठरेल. तथापि पहिले निदान हाच अखेरचा शब्द मानू नये, एवढा बोध त्यातून निश्चित घेता येतो.

दुसरी बाजू वेळेची आहे. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्यापक विश्लेषणानुसार कर्करोगाचे उपचार चार आठवड्यांनी लांबल्यास मृत्यूचा धोका सहा ते १३ टक्क्यांनी वाढू शकतो. तीव्र स्वरूपाचा रक्ताचा कर्करोग, गाठीमुळे मज्जारज्जूवर आलेला दाब किंवा श्वासमार्गातील अडथळा अशा स्थितीत तर काही दिवसांचाही विलंब परवडत नाही. बहुतेक घन गाठींच्या बाबतीत मात्र एक-दोन आठवड्यांत दुसरे मत घेतल्याने नुकसान होण्याची शक्यता कमी असते. त्यामुळे 'किती दिवस थांबता येईल?' हा प्रश्न पहिल्याच डॉक्टरांना विचारला गेला पाहिजे. चार डॉक्टर, दोन वैद्य आणि एक 'चमत्कारी' औषध देणारा बाबा असा प्रवास करण्यात तीन महिने घालवणे, याला दुसरे मत म्हणत नाहीत. दोन तज्ज्ञांत मतभेद झालाच, तर आणखी दहा मते गोळा करण्यापेक्षा मतभेद नेमका निदानाचा आहे की उपचारक्रमाचा, हे समजून घेणे अधिक उपयोगाचे असते.

वेळेचा हा हिशेब महाराष्ट्रात भूगोलाशी जोडलेला आहे. १९४१ मध्ये परळला सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाकडे विदर्भ-मराठवाड्यापासून कोकणापर्यंतचे रुग्ण आजही आशेने पाहतात. बार्शी, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे कर्करोग रुग्णालये असूनही 'एकदा टाटाला दाखवून घ्या' हा सल्ला गावोगावी दिला जातो. मुंबईत राहण्याची सोय, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारखा आसरा मिळेल की नाही याची चिंता आणि बुडणारा रोजगार हे सारे पाहता, अनेकांना हा सल्ला परवडत नाही. या दृष्टीने २०१२ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडचे महत्त्व मोठे आहे. तीनशेहून अधिक संस्था या जाळ्यात सामील असून समान उपचारपद्धती ठरवणे हा त्याचा एक प्रमुख उद्देश आहे. टाटा स्मारक केंद्र आणि ग्रिडशी निगडित 'नव्या' या सेवेद्वारे घरबसल्या तज्ज्ञांचे मत मिळवण्याची सोयही झाली आहे. मात्र अहवाल संगणकावर चढवणे ज्यांना जमते, त्यांनाच तिचा सहज लाभ होतो.

कायद्याच्या पातळीवर रुग्णाची बाजू दुबळी नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने वा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास ७२ तासांच्या आत वैद्यकीय नोंदी देणे बंधनकारक आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेली आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१८ मध्ये सूचनांसाठी प्रसिद्ध केलेली रुग्णहक्क सनद आणखी पुढे जाते. दुसरे मत घेणे हा रुग्णाचा हक्क असून त्यासाठी लागणारी कागदपत्रे रुग्णालयाने जादा शुल्क वा विलंब न करता द्यावीत, असे तीत म्हटले आहे. प्रत्यक्षात मात्र ठोकळे मागितले की खिडक्या बदलतात आणि 'आमच्यावर विश्वास नाही का?' हा प्रश्न कानी पडतो. ज्या मुलांना आईला पुन्हा त्याच डॉक्टरांकडे न्यायचे असते, ती साहजिकच गप्प बसतात.

या सर्व धावपळीत बहुधा एकच व्यक्ती अनुपस्थित असते, ती म्हणजे खुद्द रुग्ण. 'बाबांना सांगू नका, ते खचतील,' असे डॉक्टरांना दाराआड सांगणारी कुटुंबे आपल्याकडे कमी नाहीत. त्यामागची माया खोटी नाही. परंतु निदानच दडवले, तर दुसरे मत कशाविषयी घ्यायचे आणि दोन मार्गांतला कोणता निवडायचा, हे ठरवणार कोण? समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिलेला निकाल येथे मार्गदर्शक आहे. सज्ञान आणि सक्षम रुग्णाच्या संमतीऐवजी, तातडीचा प्रसंग नसताना, तिच्या आईची संमती चालणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. आईची संमती मुलीच्या जागी चालत नसेल, तर मुलाचीही आईच्या जागी चालू नये. आयुष्याची आणखी काही वर्षे हवीत म्हणून कठोर उपचार सोसायचे, की उरलेला काळ वेदनामुक्त राहून घरी काढायचा, हा निर्णय पंचाहत्तरीतील व्यक्ती मुलांपेक्षा वेगळा घेऊ शकते. वेदनाशामक व आधारसेवांचा पर्यायही याच टप्प्यावर तिच्यासमोर यायला हवा.

म्हणूनच दुसऱ्या मताचा प्रश्न कुटुंबाच्या धाडसावर सोडून चालणार नाही. कर्करोगाचे निदान देतानाच मूळ प्रतिमा रुग्णाच्या हाती द्याव्यात आणि काचपट्ट्या व ठोकळे कोठे, कसे मिळतील हे लेखी कळवावे. सरकारी योजनांनी मोठ्या उपचारांना मंजुरी देताना ट्यूमर बोर्डाचे मत आणि गरजेनुसार पॅथॉलॉजीची फेरतपासणी यांचा खर्च त्यांत धरावा. जिल्हा रुग्णालयांत 'नव्या'सारख्या सेवेसाठी अहवाल पाठवून देणारा एखादा कर्मचारी नेमणे तर फार खर्चाचेही नाही. चुकीच्या वा अनावश्यक उपचारांवर सरकारचा आणि कुटुंबांचा जो पैसा जातो, त्याच्या तुलनेत ही तरतूद किरकोळ ठरेल. डॉक्टरांनीही 'आणखी एका तज्ज्ञाला जरूर दाखवा, मात्र अमुक तारखेपूर्वी परत या,' असे स्वतःहून सांगितले, तर मुलांच्या मनातली अपराधीपणाची भावना जाईल आणि रुग्णाचे मोलाचे दिवसही वाचतील.