जन्मनोंदी आहेत, मृत्युनोंदी नाहीत

शोधनियतकालिकांच्या वाढीविषयी दोन मते आपल्याकडे हिरिरीने मांडली जातात. पहिले असे की, जगातील शोधनियतकालिके दर दहा-पंधरा वर्षांनी दुप्पट होत आहेत, त्याअर्थी ज्ञानही त्याच गतीने वाढत आहे. आणि शोधनिबंधांच्या संख्येत चीन व अमेरिकेपाठोपाठ भारत तिसरा आला, ही त्या वाढीतील आपली कमाई आहे. दुसरे मत याच्या नेमके उलट आहे. ही वाढ म्हणजे निव्वळ कचरा, तो मोजण्याच्या हव्यासातून साचला, तेव्हा मोजणेच बंद करावे, असे त्याचे सांगणे. हे दोन पक्ष एकमेकांचे कट्टर विरोधक असले तरी ज्या आकड्यावर ते उभे आहेत तो आकडा एकच आहे, आणि तो तयार कसा झाला हे दोघांपैकी कुणीच विचारत नाही. त्या आकड्यात जन्म मोजलेले आहेत; मृत्यू बहुधा मोजलेले नाहीत. नियतकालिकांची मोजणी सोडून देण्याचे काहीही कारण नाही, पण ती ढिगाची उंची मोजावी तशी न करता खानेसुमारीसारखी करायला हवी, असे माझे म्हणणे आहे.

या आकड्याचा उगम सिंगापुरात आहे. विज्ञानाचे इतिहासकार डेरेक डी सोला प्राइस १९४० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या रॅफल्स कॉलेजात शिकवत होते. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’चे १६६५ पासूनचे खंड त्यांच्या हाती आले. दहा-दहा वर्षांचे गट करून त्यांनी ते भिंतीशी रचले, तेव्हा ढिगांच्या माथ्यांची रेषा चक्रवाढ व्याजासारखी चढत गेलेली त्यांना दिसली. पुढे १९६१ च्या ‘सायन्स सिन्स बॅबिलॉन’ आणि १९६३ च्या ‘लिटल सायन्स, बिग सायन्स’ या पुस्तकांत त्यांनी हा विचार विस्ताराने मांडला. त्यांच्या आलेखात १७५० च्या सुमारास दहा नियतकालिके आहेत, १८०० मध्ये शंभर, १८५० मध्ये हजार आणि १९०० मध्ये दहा हजार. दर पन्नास वर्षांनी दसपट, म्हणजे सुमारे पंधरा वर्षांत दुप्पट. मात्र हा आलेख ‘स्थापन झालेल्या’ नियतकालिकांचा होता. चार अंक काढून बंद पडलेले आणि शंभर वर्षे अखंड चाललेले, दोन्ही त्यात एकेक म्हणून धरलेले होते. प्राइस यांनी हे दडवले नव्हते. अशी वाढ अनंत काळ चालू शकत नाही, ती पुढे मंदावून रेषा आडवी होईल, हेही त्यांनीच सांगितले होते. त्यांचा आकडा उचलणाऱ्यांनी ‘स्थापन झालेली’ हे शब्द गाळले आणि आकडा तेवढा ठेवला.

मायकेल मेब आणि मयूर अमीन यांनी २००१ मध्ये ‘उलरिच’च्या नियतकालिक-निर्देशिकेच्या आधारे फक्त हयात आणि समीक्षित नियतकालिके मोजली, तेव्हा वाढीचा दर वर्षाला साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाला. म्हणजे दुप्पट व्हायला सुमारे वीस वर्षे. पंधरा आणि वीस यांत फारसा फरक नाही असे वाटेल, म्हणून हिशेब दोनशे वर्षांवर ताणून पाहावा. प्राइस यांच्या दराने एकाची दहा हजार होतात. मेब-अमीन यांच्या दराने सुमारे नऊशे. मेलेल्यांची आणि समीक्षा न होणाऱ्यांची नावे पटावरून न काढल्याने पडलेला हा फरक अकरा पटींचा आहे. ज्या ‘स्फोटा’बद्दल आपण इतके बोलतो, त्याचा फार मोठा भाग हा असा आहे.

यावर कुणी म्हणेल की प्राइस यांच्या काळी साधने तुटपुंजी होती. आता वेब ऑफ सायन्स आणि स्कोपस यांसारख्या सूची आहेत, संगणक आहेत, तेव्हा ती चूक आता होणार नाही. पण सूची म्हणजे खिडकी. खिडकी रुंद केली की घरे जास्त दिसतात, म्हणून गावात नवी घरे उभी राहिली असे होत नाही. लुट्झ बोर्नमन आणि रुडिगर मुट्झ यांनी २०१५ मध्ये जुन्या-नव्या निबंधांतील संदर्भांच्या आधारे हिशेब केला, तेव्हा दुसऱ्या महायुद्धानंतरची प्रकाशनांची वाढ वर्षाला आठ ते नऊ टक्के, म्हणजे साधारण नऊ वर्षांत दुप्पट, अशी आली. त्याच दोघांनी रॉबिन हाउनशिल्ड यांच्यासह २०२१ मध्ये चार वेगवेगळ्या सूची घेऊन हिशेब पुन्हा केला. या वेळी एकंदर दर ४.१ टक्के आला आणि दुप्पट होण्याचा काळ १७.३ वर्षे. कालखंडाची आखणी आणि मोजण्याचा आधार बदलला, आणि उत्तर निम्म्यावर आले. या संशोधकांना दोष देण्याचे कारण नाही. आपलाच जुना निष्कर्ष पुन्हा तपासायला घेणे हे चांगल्या संशोधनाचे लक्षण आहे. दोष आहे तो कशातून मोजले हे न सांगता दर तेवढा उद्धृत करणाऱ्यांचा. शिवाय ही खिडकी इंग्रजीच्या दिशेला उघडते. २०१८ साली विज्ञान, तंत्रज्ञान आणि वैद्यक प्रकाशकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या (एसटीएम) अहवालात इंग्रजीतील सुमारे ३३,१०० चालू समीक्षित नियतकालिके धरली होती आणि इंग्रजीबाहेरच्या जगातील सगळ्या भाषा मिळून सुमारे ९,४००. मराठीतून निघणारी नियतकालिके तर या मोठ्या सूचींत जवळजवळ दिसतच नाहीत. वाईचे ‘नवभारत’ किंवा मराठी अभ्यास परिषदेचे ‘भाषा आणि जीवन’ यांनी ज्ञानात काय भर घातली याचे उत्तर अशा मोजणीत ‘शून्य’ असे येते, आणि ते उत्तर खोटे आहे.

मोजण्याचे एककही आता जागेवर राहिलेले नाही, आणि माझ्या मते ही आजची सर्वात गंभीर अडचण आहे. ‘नियतकालिक’ या शब्दातच काळ नियत असल्याची हमी होती: अमुक महिन्यांनी अंक, अंकात अमुक पाने, आणि पाने मर्यादित म्हणून निवड. ऑनलाइन प्रकाशनात ती मर्यादा उरली नाही. २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘प्लॉस वन’ या ऑनलाइन नियतकालिकाने २०१३ या एका वर्षात तीस हजारांहून अधिक निबंध छापले. वर्षाकाठी वीस-पंचवीस निबंध छापणारे त्रैमासिक आणि ‘प्लॉस वन’ ही दोन्ही मोजणीत एकेकच. त्यामुळे आज नियतकालिकांची संख्या फारशी न हलताही निबंधांचा लोंढा वाढू शकतो, आणि तो वाढला आहे. मार्क हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हिशेबानुसार स्कोपस आणि वेब ऑफ सायन्समध्ये नोंदले गेलेले निबंध २०१६ च्या तुलनेत २०२२ मध्ये सुमारे ४७ टक्क्यांनी जास्त होते. यातील बराच भाग विशेषांकांतून आला. मराठी वाचकाच्या मनात विशेषांक म्हणजे संपादकाने वर्षभर घाम गाळून जमवलेला अंक. या नव्या व्यवहारात मात्र पाहुणा संपादक नेमून, निबंधागणिक शुल्क घेऊन, विशेषांकांची रांग लावता येते. हिंदावी या प्रकाशनसंस्थेला २०२३ मध्ये आठ हजारांहून अधिक निबंध मागे घ्यावे लागले. ते बहुतांशी अशाच विशेषांकांतले होते. छापले त्या वर्षी ते वाढीच्या आकड्यात जमेला धरले गेले. मागे घेतल्यावर वजाबाकी करायला कोण बसले?

इथे एक वजनदार आक्षेप येतो आणि तो टाळता येणार नाही. निबंध वाढले कारण संशोधक वाढले. माणसे जास्त तर लेखन जास्त, यात वावगे काय? या आक्षेपात बरेच तथ्य आहे. मेब आणि अमीन यांनीही नियतकालिकांच्या वाढीची सांगड संशोधकांच्या संख्येशी घातली होती. डॅनिएले फॅनेली आणि व्हिन्सेंट लारिव्हिएर यांनी २०१६ मध्ये चाळीस हजारांहून अधिक संशोधकांच्या शतकभराच्या नोंदी तपासल्या. प्रत्येकाच्या नावावरचे निबंध वाढलेले दिसले. पण एका निबंधाचे श्रेय त्याच्या सहलेखकांत वाटून दिल्यावर दरडोई उत्पादन शतकात वाढलेच नव्हते. पाच जणांनी मिळून लिहिलेला एक निबंध पाच जणांच्या खात्यावर पाच वेळा चढला होता, एवढेच. आक्षेपकांचे म्हणणे मी म्हणूनच निम्मे मान्य करतो: दीर्घकाळची संथ वाढ ही माणसांची वाढ आहे आणि तिला कचरा म्हणणे अन्याय आहे. मात्र २०१६ नंतरची झेप या स्पष्टीकरणात बसत नाही. हॅन्सन यांच्या गटाने दाखवले आहे की पीएच.डी. होणाऱ्यांची संख्या त्या प्रमाणात वाढलेली नाही. तेवढेच समीक्षक आता कितीतरी जास्त निबंध तपासत आहेत, किंवा तपासल्याची सही करत आहेत.

आपल्या देशात ही सदोष मोजणी थेट माणसांच्या पोटापाण्याशी जोडली गेली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी अध्यापकांची निवड आणि बढती गुणांकांशी बांधली आणि छापलेल्या निबंधाला गुण ठरवून दिले. मागणी तयार झाली तसा पुरवठा आला. आयएसएसएन हा नियतकालिकाचा ओळखक्रमांक आहे, दर्जाचा दाखला नाही. तरी मुखपृष्ठावर तो ठळक छापून दर्जाचा आभास निर्माण करण्यात आला. आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी केली आणि मे २०१८ मध्ये तीतून ४,३०५ नावे वगळली. त्याच वर्षी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठांच्या शिफारशींवरून यादीत आलेल्या नियतकालिकांचा नमुना तपासला. अन्य कोणत्याही मान्य सूचीत नसलेल्यांपैकी सुमारे ८८ टक्के निकृष्ट असण्याचा संभव त्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये मांडला. पुढे आयोगाची नवी ‘केअर’ यादी आली, तिचे काम याच विद्यापीठातील कक्षाकडे होते, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ती यादीही बंद केली. आता निर्णय संस्थांवर सोपवला आहे.

‘पाहा, मोजणीचा हा परिणाम, म्हणूनच ती नको,’ असे दुसरा पक्ष इथे म्हणतो. अध्यापकांनी या काळात जे सोसले ते पाहता त्यांचा संताप मला पूर्ण समजतो. तरीही हे अनुमान चुकीचे आहे. ज्वरमापकावर पगार ठरवला तर लोक तो गरम पाण्यात बुडवतील; त्यात दोष पगार ठरवणाऱ्याचा. आणि ८८ टक्क्यांचे ते विदारक चित्र आपल्याला कळले ते कशामुळे? कुणीतरी एकेक नियतकालिक हाती घेऊन, त्याचा पत्ता, संपादक मंडळ आणि शुल्काची माहिती तपासून मोजले म्हणून. मोजणी थांबवली असती तर फसवणूक चालू राहिली असती, फक्त तिचे प्रमाण कळले नसते. बक्षिसासाठीचे मोजमाप आणि समजून घेण्यासाठीचे मोजमाप या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत, आणि दुसरीसाठी पहिलीचे आकडे वापरता कामा नयेत.

समजून घेण्यासाठीची मोजणी कशी असावी, याचा नमुना आपल्याच देशात तयार झाला होता. १९४८ मध्ये इंग्लंडमधील लेमिंग्टन स्पा येथील परिषदेत भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ शियाळी रामामृत रंगनाथन यांनी ग्रंथालयीन व्यवहाराच्या मापनासाठी ‘लायब्रमेट्री’ हा शब्द सुचवला. ‘बिब्लिओमेट्रिक्स’ हा शब्द रूढ व्हायला त्यानंतर वीस वर्षे जायची होती. त्यांची नियतकालिकांसाठीची तीन कार्डांची पद्धत मला इथे जास्त मोलाची वाटते. पहिल्या कार्डावर वर्गणीची आणि आलेल्या अंकांची नोंद. दुसरे पाठपुराव्याचे: पुढचा अंक ज्या आठवड्यात यायचा त्या आठवड्याच्या कप्प्यात ते ठेवायचे, अंक आला की पुढे सरकवायचे. आठवडा संपल्यावर जी कार्डे मागे उरतात ते न आलेले अंक. त्यांच्याबद्दल प्रकाशकाला पत्र जाते. तिसरे कार्ड विषयवार सूचीचे. पाठपुराव्याच्या कार्डात एक गोष्ट साधली आहे जी मोठमोठ्या सूचींना साधलेली नाही: ते न घडलेल्या घटनेची नोंद करते. अंक उशिरा येऊ लागले, मग जोडअंक निघू लागला, मग दोन वर्षे काहीच नाही, हा नियतकालिकाच्या मरणाचा सारा प्रवास त्या कप्प्यात दिसतो.

प्रत्येक विद्यापीठाने आपल्या प्रदेशातील आणि भाषेतील नियतकालिकांची अशी नोंदवही ठेवावी आणि ती सर्वांना खुली असावी: सुरू झाल्याचे वर्ष, शेवटचा अंक, वर्षात छापलेले आणि मागे घेतलेले निबंध, जोडअंक, विशेषांक, लेखकाकडून घेतलेले शुल्क, आणि प्रकाशक बदलला असल्यास तो कधी. एवढे काम करायला माणसे कुठून आणायची, हा शेवटचा आक्षेप. महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या ग्रंथालयांत नियतकालिक विभाग आहेत, ग्रंथालयशास्त्राचे विभाग आहेत आणि तिथे दरवर्षी प्रबंधिकेसाठी विषय शोधणारे विद्यार्थी आहेत. मराठीतील किती शोधनियतकालिके १९६० नंतर निघाली, त्यांतील किती दहा वर्षे जगली आणि कोणत्या वर्षांत सर्वाधिक बंद पडली, हा त्यांच्यासाठी तयार विषय आहे. ज्या ग्रंथालयांनी जुनी कार्डे जपली आहेत, तिथे प्रत्येक बंद पडलेल्या नियतकालिकाच्या शेवटच्या अंकाची तारीख अजून लिहिलेली आहे. कामाला तिथून हात घालता येईल.