आधी ब्रेक, मग पिकअप

तेरहून ढोकीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ऊसतोडीच्या हंगामात अंधार पडला की उसाने भरलेल्या ट्रॉल्या पुढे असतात आणि त्यांच्या मागे लाल दिवा असेलच याची खात्री नसते. चैत्रात तेरला संत गोरोबाकाकांच्या यात्रेला येणारे भाविक याच भागातल्या रस्त्यांच्या कडेने चालतात. अशा रस्त्यांवर गाडी वेळेत थांबणं महत्त्वाचं, आणि आता छोटी गाडी ‘स्पोर्टी’ करून घेण्याचा नाद शहरांपुरता राहिलेला नाही. तो असायलाही हरकत नाही. आक्षेप आहे तो कामाच्या क्रमावर.

बहुतेकांचा पहिला पैसा इंजिनावर जातो. संगणकात नवा ‘रिमॅप’ भरला की टर्बो इंजिनाचं पिकअप त्याच दिवशी जाणवतं. मग आवाजाचा सायलेन्सर, मग स्प्रिंग कापून गाडी खाली बसवणं. ब्रेकची पाळी येते शेवटी, पैसे उरले तर. पण गणित उलटं आहे. गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी 60 किलोमीटरऐवजी 85 वर ब्रेक दाबला तर डिस्कला दुप्पट ऊर्जा जिरवावी लागते, 100 वर जवळजवळ पावणेतीनपट. ही ऊर्जा उष्णता होऊन मुख्यतः डिस्कमध्ये आणि तिथून पॅड व ब्रेक ऑइलमध्ये उतरते. ताज्या डॉट 4 ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो, पाणी मुरल्यावर हीच मर्यादा 155 अंशांवर येते. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते आणि पेडल सरळ खाली जातं. घाटात उतरताना हे घडलं तर वाढलेल्या पिकअपचा उपयोग शून्य.

हे काम नीट कसं करतात याचा दाखला आपल्याकडेच आहे. ऑक्टोबर 2018 मध्ये टाटा मोटर्सने कोईमतूरच्या जयेम ऑटोमोटिव्हसोबत टियागो जेटीपी बाजारात आणली. साध्या पेट्रोल टियागोची ताकद 85 पीएस होती, हिला 1.2 लिटरचं टर्बो इंजिन देऊन ती 114 पीएसवर नेली. त्याबरोबर 15 इंची रुंद टायर आले, सस्पेन्शन नव्याने जुळवलं. आणि गाडी खाली किती बसवली? फक्त 4 मिलिमीटर.

हा आकडा प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर लिहावा असा आहे. कापलेली स्प्रिंग आखूड होते तशी कडकही होते, पण शॉकअप मूळचेच राहतात. चाकाला वरखाली व्हायला जागा उरत नाही, खड्ड्यात सस्पेन्शन थेट टोकाला आदळतं आणि उसळलेलं चाक क्षणभर रस्ता सोडतं. हवेतल्या चाकाला कितीही मोठी डिस्क बसवली तरी ते गाडी थांबवू शकत नाही. ब्रेक, टायर आणि सस्पेन्शन हे एकच काम आहे, ते तुकड्यांत विकणारा मेकॅनिक ग्राहकाला फसवतो.

जेटीपी 2020 मध्ये बंद झाली. तिच्याआधी गोव्यातल्या सॅन मोटर्सने फायबरग्लासच्या बॉडीची, रेनॉच्या 1.2 लिटर इंजिनाची दोन आसनी ‘स्टॉर्म’ काढली होती, तीही टिकली नाही. कारखान्यातून अशी गाडी क्वचितच मिळते म्हणून तरुण गॅरेजकडे वळतो, आणि तिथे कायदा आडवा येतो. उत्पादकाच्या मूळ तपशिलात बदल करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं. मोटार वाहन कायद्यातल्या त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5 हजार रुपये दंड होऊ शकतो.

कडकपणा हवाच. 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजार 491 माणसं मेली आणि त्यांतल्या दहापैकी सात मृत्यूंमागे अतिवेग होता. पण वेग वाढवणारा बदल आणि गाडी लवकर थांबवणारा बदल एकाच तराजूत तोलणं चूक आहे. सीएनजी किटचं उदाहरण घ्या. मंजूर किट, अधिकृत बसवणारा, आरसी बुकात नोंद, ही वाट वर्षानुवर्षं चालू आहे. जर्मनीत सस्पेन्शन आणि चाकांचे बदलही असेच तपासून गाडीच्या कागदपत्रांत चढवतात. आपल्या कायद्यातही कलम 52 खाली अशा बदलांच्या मंजुरीचे नियम केंद्राला करता येतात. 1966 पासून वाहनांची चाचणी करणारी एआरएआय तर पुण्यातच आहे. ब्रेक आणि सस्पेन्शनची किट तिने तपासावीत, मंजूर किटची नोंद आरटीओने करावी आणि इंजिनाची ताकद वाढवायची परवानगी ही नोंद असलेल्या गाडीलाच मिळावी.

नियम येईल तेव्हा येईल. तोवर ज्याच्या दारात छोटी गाडी आहे त्याने रिमॅपसाठी ठेवलेले पैसे आधी चांगल्या टायरवर, कंपनीच्या नव्या पॅडवर, ताज्या ब्रेक ऑइलवर आणि थकलेले शॉकअप बदलण्यावर खर्च करावेत. यातल्या कशालाही आरटीओची परवानगी लागत नाही.