नव्या टॅबचा वारसा

टर्मिनल म्हणजे संगणकाला लेखी हुकूम सोडण्याची खिडकी. कला शाखेत तिचे काय काम, असा प्रश्न काहींना पडेल. परंतु मराठी मजकुराच्या शेकडो फायलींतून एखादा शब्द हुडकायचा असेल, तर ‘ग्रेप’ या हुकुमासारखा चाकर नाही, हे भाषेच्या विद्यार्थ्यांना आता ठाऊक झाले आहे. या खिडकीचे एक जुने दुखणे आहे. अक्षर मोठे करावे, एखादे चल ठरवून द्यावे आणि शेजारी नवा टॅब उघडावा, तर पुष्कळदा तेथे यातले काहीच नसते. पाटी कोरी!

याला यंत्राचा विसरभोळेपणा म्हणतात. वस्तुतः तो नियम आहे. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल आले, आणि त्यांचा वारसा फक्त वरून खाली जातो: आई-प्रोसेसकडून अपत्य-प्रोसेसला नक्कल मिळते, बस्स. जुन्या टॅबमध्ये आपण ‘एक्स्पोर्ट’ केलेले चल त्या टॅबमधल्या शेलपाशी राहते. नव्या टॅबमधला शेल हा त्याचे अपत्य नव्हे, भावंड आहे. दोघांना जन्म देतो तो टर्मिनल प्रोग्रॅम. भावाच्या खिशातले पैसे भावाला वारशाने कसे मिळावेत? विंडोज टर्मिनलमध्ये चालू टॅबची दुसरी प्रत काढता येते, पण तीतही प्रोफाइल आणि डिरेक्टरी येते, ही चले येत नाहीत. मला हे योग्यच वाटते. त्या चलांत कुणी पासवर्डही ठेवतो. तो न सांगता टॅबोटॅबी फिरू नये. जे कायमचे हवे ते ‘बॅशआरसी’ फायलीत लिहावे.

परंतु जाणकार मंडळी हेच उत्तर अक्षराच्या आकारालाही देतात, तेथे माझा विरोध आहे. अक्षर शेल रेखाटत नाही, टर्मिनल रेखाटतो. म्हणजे ही गोष्ट आईला ठाऊकच असते. शिवाय आकार कामाचा नसून डोळ्यांचा असतो, आणि टॅब बदलला म्हणून डोळे बदलत नाहीत. आमच्या वर्गातल्या एका मित्राची दृष्टी अधू आहे. प्रत्येक नव्या टॅबपाशी तो कंट्रोल आणि अधिकचे चिन्ह पाच-सहा वेळा दाबतो. ‘सेटिंगमध्येच बदलून टाक’ हा सल्ला त्याला निरुपयोगी, कारण प्रयोगशाळेतला संगणक सर्वांचा. त्याने बदललेले दुसरा तासाभरात पुसतो.

मग सगळेच पुढे न्यावे काय? नाही. दूरच्या यंत्रावर काम करताना चूक होऊ नये म्हणून काही जण खिडकी लाल करतात. नवा टॅब आपल्याच यंत्रावर उघडला आणि तोही लाल निघाला, तर त्या लालीला अर्थ काय उरला? रंग कामाचा, आकार माणसाचा. हा भेद फार थोडे प्रोग्रॅम मानतात. मॅकवरील टर्मिनलच्या सेटिंगमध्ये नव्या टॅबला तेच प्रोफाइल द्यावे की नेहमीचे, आणि डिरेक्टरी तीच की नेहमीची, हे विचारले आहे. चालू आकाराचा प्रश्न तेथे नाही.

तूर्त एक उपाय हाती आहे. मोठ्या अक्षरांचे एक वेगळे प्रोफाइल करून ठेवले, तर नेहमीचे न मोडता ज्याला हवे त्याला नवा टॅब त्यातच उघडता येतो. दहा मिनिटांचे काम! तसा अर्ज आम्ही चौघांनी प्रयोगशाळेत दिला आहे. आणखी सह्या चालतील.