दबक्या आवाजाची तीस वर्षे

ऑगस्ट १९९६मध्ये इंग्लंडमधील नेबवर्थच्या मैदानावर दोन रात्रींत मिळून अडीच लाख श्रोते 'ओअ‍ॅसिस' ऐकायला जमले होते. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला ग्लासगोच्या 'बेल अ‍ॅण्ड सबॅस्टियन' या बॅण्डचा दुसरा अल्बम 'इफ यू आर फीलिंग सिनिस्टर' 'जीपस्टर' या छोट्या कंपनीने बाजारात आणला. मुलाखती द्यायच्या नाहीत, छायाचित्रे काढू द्यायची नाहीत, असा बॅण्डचा तेव्हाचा खाक्या होता. २०२६ हे या अल्बमचे तिसावे वर्ष. 'इंडी पॉप'चा, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या छत्राबाहेरील सुरेल संगीताचा, विषय निघाला की आजही त्याचे नाव घ्यावेच लागते.

या यशाची गोष्ट सांगताना एका बाजूकडे बहुधा दुर्लक्ष होते. गीतकार-गायक स्टुअर्ट मर्डॉक हा दीर्घ थकव्याच्या विकाराने कित्येक वर्षे घरात अडकला होता. शिक्षण सुटले, नोकरी नव्हती. त्याची आणि बासवादक स्टुअर्ट डेव्हिड याची गाठ पडली ती बेरोजगार संगीतकारांसाठीच्या सरकारी प्रशिक्षण योजनेत. पहिला अल्बम 'टायगरमिल्क' काढला तोही एका महाविद्यालयाने! स्टो कॉलेजच्या संगीत-व्यवसाय अभ्यासक्रमाचे विद्यार्थी 'इलेक्ट्रिक हनी' नावाची कंपनी चालवीत. त्यांनी त्याच्या अवघ्या हजार प्रती काढल्या. बाजाराच्या भाषेत ही सारी तोट्याची गुंतवणूक.

दुसऱ्या अल्बममध्ये याच रिकाम्या वर्षांचे पीक आले. गाण्यांत आजारी, एकाकी, श्रद्धा आणि संशय यांत हेलकावणारी तरुण मंडळी आहेत. पण रडगाणे नाही, उलट तिरकस विनोद आहे. चेलो, ट्रम्पेट, पियानो यांच्या साथीत मर्डॉकचा आवाज कुजबुजीपलीकडे फारसा जात नाही. ध्वनिमुद्रण मात्र पातळ आहे. खुद्द मर्डॉक त्याबाबत असमाधानी होता. २००५मध्ये लंडनच्या बार्बिकनमध्ये बॅण्डने संपूर्ण अल्बम पुन्हा वाजविला आणि ते मुद्रण प्रसिद्ध केले. ते अधिक भरीव आहे, तरीही श्रोत्यांची माया जुन्यावरच!

प्रभाव मोजायचा तर खपाचे आकडे अपुरे पडतात. १९९९च्या ब्रिट पुरस्कारांत नवोदितांचा मान श्रोत्यांच्या मतांवर ठरणार होता. 'स्टेप्स' या लोकप्रिय गटाला मागे टाकून तो या बॅण्डने पटकावला, आणि मतदानात गडबड झाल्याचे आरोपही ओढवून घेतले. त्याच वर्षी कॅम्बर सॅण्ड्सच्या सुट्टी-शिबिरात बॅण्डने भरविलेल्या 'बोली वीकेण्डर'मधून पुढे 'ऑल टुमारोज पार्टीज' हा महोत्सव उभा राहिला. ग्लासगोच्याच 'कॅमेरा ऑब्स्क्युरा'ला सुरुवातीच्या काळात मर्डॉकचाच हात मिळाला. 'जूनो' (२००७) या अमेरिकी चित्रपटात बॅण्डची गाणी वाजली, तोवर ही नाजूक शैली ओळखीची झाली होती. अर्थात अनुकरण करणाऱ्यांनी पुष्कळदा नाजूकपणा उचलला आणि विनोद मागे ठेवला.

'इलेक्ट्रिक हनी'ने पुढे 'स्नो पॅट्रोल' आणि 'बिफी क्लायरो' यांच्याही आरंभीच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. म्हणजे पहिला नेम केवळ योगायोगाने लागला नव्हता. स्टो कॉलेज २०१३मध्ये अन्य दोन महाविद्यालयांसह ग्लासगो केल्विन कॉलेजमध्ये विलीन झाले.