बोटुकली सोडून नदी वाचत नाही

मत्स्यबीज सोडण्याचा कार्यक्रम सर्वांच्याच सोयीचा असतो. मान्यवरांना काठावर उभे राहता येते, बोटुकलीची संख्या अहवालात लिहिता येते आणि नदीसाठी काहीतरी केल्याचे समाधान मिळते. पण ही संख्या पाण्यात सोडलेल्या पिल्लांची असते. त्यांतली किती जगली आणि पुढे किती माद्यांनी त्याच नदीत अंडी घातली, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. महाशीरसारख्या माशाबाबत तर त्या एकाच प्रश्नावर सगळे अवलंबून आहे. त्याच्या विणीची जागा शाबूत नसेल, तर बोटुकली सोडणे हा दरवर्षी नव्याने करावा लागणारा खर्च ठरतो.

दख्खनचा महाशीर, म्हणजे आपल्याकडची खडशी, याचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये प्रसिद्ध केले, तेही पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. हा मासा सावकाश वाढतो आणि पावसाळ्यात पाणी चढले की विणीसाठी प्रवाहाच्या वरच्या अंगाला निघतो. रोहूची मादी शरीराच्या किलोमागे लाखावर अंडी देते, तर महाशीरची मादी काही हजारांवर थांबते. ही मोठी, जड अंडी तळाच्या गोट्यांमध्ये बसतात आणि त्यांना उबायला काही दिवस लागतात. तेवढा काळ गोट्यांच्या फटींतून प्राणवायूने भरलेले स्वच्छ पाणी खेळते राहावे लागते. वाळू-गोटे उपसले, गाळ बसला किंवा सांडपाणी मिसळले, तर वीण तिथेच संपते. उन्हाळ्यात मोठ्या माशांना खोल डोह लागतात. काठावरच्या उंबराची फळे, गोगलगायी, किडे असे सगळे तो खातो, म्हणजे काठची झाडीही त्याच्या संसाराचा भाग आहे. यातले काहीही प्लास्टिकच्या पिशवीतून आणून नदीत सोडता येत नाही.

यावर कोणी लोणावळ्याचा दाखला देईल, आणि तो द्यायलाच हवा. वळवण येथील टाटांच्या केंद्राने १९७०च्या दशकापासून महाशीरची कृत्रिम पैदास यशस्वी केली आणि देशभर लाखो पिल्ले पुरवली. जात टिकवण्याचा राखीव साठा म्हणून या कामाचे मोल मोठे आहे. मात्र त्याच पिल्लांचा कावेरीतला प्रवास सावध करणारा आहे. कावेरी खोऱ्यात पाठीवर कुबड असलेला वेगळा महाशीर मूळचा होता. १९४६ मध्ये याच खोऱ्यातल्या काबिनी नदीत गळाला लागलेला महाशीर १२० पौंडांचा होता. पुढे या खोऱ्यात बाहेरून आणलेला दख्खनी महाशीर वाढत गेला आणि मूळचा मासा दिसेनासा होत गेला, हे गळ टाकणाऱ्यांच्या १९९८ ते २०१२ या काळातील नोंदींवरून पुढे आले. त्या माशाची नेमकी शास्त्रीय ओळख २०१८ मध्ये पटली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. या ऱ्हासात धरणे, वाळूउपसा आणि सुरुंगाने केलेली मासेमारी यांचाही हात आहे. पण एका नदीचा मासा दुसऱ्या नदीत सोडणे निरुपद्रवी असते, हा समज तरी कावेरीने खोटा ठरवला आहे.

दुसरा आक्षेप असा, की दख्खनी महाशीर जागतिक लाल यादीत आज धोक्याबाहेर मानला जातो, मग एवढी काळजी कशाला? जात टिकली म्हणजे प्रत्येक नदीतला मासा टिकला असे होत नाही. मुळा-मुठेचा पुण्याखालचा सांडपाण्याने भरलेला पट्टा महाशीरच्या विणीला आज किती योग्य आहे, हे सांगायला यादी लागत नाही. तिसरा आक्षेप धरणांचा आहे. वीज, शेती आणि शहरांचे पाणी सोडता येणार नाही, हे मान्य. पण धरण पाडण्याची मागणी इथे नाहीच. मागणी पावसाळ्यात विणीपुरता प्रवाह सोडण्याची आणि उन्हाळ्यात डोह कोरडे न पाडण्याची आहे. गंगेच्या वरच्या टप्प्यासाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये ऋतूनुसार किमान प्रवाहाचे प्रमाण ठरवून दिले. सह्याद्रीतल्या नद्यांनाही असा नियम लावता येईल.

कमी खर्चाचा मार्ग तर आपल्या लोकांनी केव्हाच दाखवला आहे. महाडजवळची वाळणकोंड आणि वैतरणेकाठचे तिळसे इथे महाशीर देवाचे म्हणून राखले जातात. श्रद्धेने मासेमारी थांबली आणि मोठे, विणीचे मासे डोहात उरले. अर्थात वरून विष किंवा सांडपाणी आले, तर श्रद्धा एकटी पुरी पडणार नाही. तिथे कायद्याने उभे राहिले पाहिजे. जलाशयांत मच्छीमारांच्या उपजीविकेसाठी रोहू-कटला जरूर सोडावेत. वाहत्या नद्यांच्या वरच्या भागात मात्र आधी विणीच्या जागा नोंदवाव्यात, तिथला वाळूउपसा बंद करावा आणि बोटुकली सोडायचीच असेल तर ती त्याच खोऱ्यातल्या माशांची असावी. पुढच्या वेळी मत्स्यबीज सोडल्याची बातमी आली, की मागच्या वर्षी सोडलेल्यांचे काय झाले, एवढे वाचकांनी जरूर विचारावे.