एका जागेमागे नेमके किती?

राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशाचा विषय निघाला की राजधानीतील शिकवणीवर्गांच्या जाहिरातींपासून संसदेतील भाषणांपर्यंत एकच गणित ऐकू येते : अर्ज लाखोंनी, जागा चारशे. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२१ च्या दुसऱ्या परीक्षेसाठी ५,७५,८५६ अर्ज आले होते. म्हणजे एका जागेमागे चौदाशेहून अधिक. आकडा खरा आहे. पण त्यावरून स्पर्धेचा अंदाज बांधणे फसवे ठरते. शुल्क नाममात्र, अट बारावीची, आणि अर्ज भरणारे सारेच परीक्षेला बसतात असे नाही.

खरी चाळण लेखी परीक्षेनंतर लागते. त्या खेपेस सुमारे आठ हजार उमेदवार लेखी उत्तीर्ण झाले. म्हणजे एका जागेमागे वीस. लेखी परीक्षेला ९०० गुण आणि सेवा निवड मंडळाच्या चाचण्यांनाही ९००. पाच दिवस चालणाऱ्या या निवडीत पहिल्याच दिवशी अनेकांना परतीची गाडी धरावी लागते. मंडळ उमेदवाराला शेजारच्या उमेदवाराशी नव्हे, ठरावीक कसोटीशी ताडून पाहते. लष्करात सात हजारांहून अधिक अधिकाऱ्यांची पदे रिक्त असल्याचे त्याच सुमारास सरकार सांगत होते आणि तरीही मंडळ हात सैल करत नव्हते, त्याचे कारण हेच. रिक्त पदांच्या दबावाखाली कसोटी खाली न आणणे हा या व्यवस्थेचा मोठेपणाच मानला पाहिजे.

परंतु मुलींच्या बाबतीत हे विवेचन लागू पडत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२१ मधील अंतरिम आदेशाने त्यांना ही परीक्षा खुली झाली, तेव्हा १,७७,६५४ मुलींनी अर्ज केले. लेखी परीक्षेत १,००२ उत्तीर्ण झाल्या. जागा मात्र एकोणीस : लष्कराच्या दहा, नौदलाच्या तीन, हवाई दलाच्या सहा. लेखी उत्तीर्णांपैकी मुलांमध्ये एका जागेमागे अठरा, तर मुलींमध्ये बावन्नहून अधिक! इथे निवड मंडळाची कसोटी पार केली तरी पुरत नाही. पार केलेल्यांतही पुढे असावे लागते. स्पर्धा म्हणतात ती हीच, आणि ती गुणवत्तेच्या टंचाईतून नव्हे तर जागांच्या मर्यादेतून उभी राहिली आहे.

दुसऱ्या वर्षीही एकोणीसच जागा का, असे न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये सरकारला विचारले होते. पुढे नौदलाने आपल्या जागा वाढवल्या. लष्कराचा आकडा मात्र नंतरची अनेक सत्रे दहावरच राहिला. पायाभूत सुविधांची अडचण पहिल्या वर्षी समजण्यासारखी होती. ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याहून सतरा मुलींची पहिली तुकडी दीक्षांत संचलन करून बाहेर पडल्यावर तो युक्तिवाद फार ताणता येणार नाही.

महाराष्ट्र सरकारने मुलांसाठी औरंगाबादला १९७७ मध्ये सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था काढली. मुलींसाठी तशी संस्था नाशिकला २०२३ मध्ये आली. राज्याने इतके केले. मात्र नाशिकहून तयार होऊन येणाऱ्या मुलीसाठी त्या सत्रात किती जागा ठेवायच्या, हे तिने अर्ज भरण्यापूर्वीच दिल्लीत ठरलेले असते.